दुसऱ्या सॉकेटला जोडीदार शोधताना

दोन सॉकेटचा बोर्ड, त्यातल्या एकावर प्रोसेसर बसलेला आणि दुसरं सॉकेट काळ्या प्लास्टिकच्या झाकणाखाली रिकामं: अशी जुनी सर्व्हर आणि वर्कस्टेशनं सेकंडहँड बाजारात ढिगाने मिळतात. दुसरा प्रोसेसर घातला की कोर दुप्पट, मेमरीच्या खाचा दुप्पट, आतापर्यंत मेलेले वाटणारे कार्डांचे स्लॉटही जिवंत होतात. गोची एवढीच की विक्रेता प्रोसेसर नावावर विकतो आणि बोर्ड तो नावावर स्वीकारत नाही. बोर्ड आतला सीपीयूआयडी (प्रोसेसरने स्वतःची दिलेली ओळख), वारंवारता, कॅश आणि दोन प्रोसेसरांमधल्या दुव्याचा वेग बघतो. म्हणून खरेदी कोडवर करायची, नावावर नाही.

सुरुवात आपल्याकडे आधीच असलेल्या प्रोसेसरपासून. लिनक्समध्ये ‘एलएससीपीयू’ चालवलं की मॉडेलचं नाव, फॅमिली, मॉडेल क्रमांक आणि स्टेपिंग (त्याच प्रोसेसरच्या सुधारित आवृत्तीचा क्रमांक) मिळतं. विंडोजमध्ये ‘सीपीयू-झेड’ हे काम करतं. ते नको असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सिस्टिमइन्फो’ चालवा, त्यात प्रोसेसरच्या ओळीत फॅमिली, मॉडेल, स्टेपिंग हे तीन आकडे छापलेलेच असतात. हे तीन आणि पूर्ण नाव कागदावर लिहून ठेवा. पूर्ण नाव म्हणजे शेवटच्या अक्षरासकट. ‘ई५-२६८०’, ‘ई५-२६८० व्ही२’, ‘ई५-२६८० व्ही३’ आणि ‘ई५-२६८० व्ही४’ हे इंटेलच्या झिऑन मालिकेतले चार वेगवेगळ्या पिढ्यांचे प्रोसेसर आहेत. पहिले दोन एलजीए २०११ मध्ये बसतात, नंतरचे दोन एलजीए २०११-३ मध्ये, आणि दोन्ही सॉकेटच्या खाचा वेगळ्या असल्यामुळे एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसतच नाही. जाहिरातीत ‘व्ही’ गाळलेला असेल तर विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

इंटेलच्या प्रोसेसरवर धातूच्या टोपीवर पाच अक्षरी एस-स्पेक कोड कोरलेला असतो. ई५-२६८० व्ही२ वर एसआर१ए६, ई५-२६८० व्ही४ वर एसआर२एन७. जुळणीचा खरा आधार हा. हा कोड सॉफ्टवेअरमधून वाचता येत नाही, त्यासाठी हीटसिंक काढावं लागतं. पण नाव आणि स्टेपिंग माहीत असेल तर इंटेलच्या यादीतून तो बहुतेक वेळा निघतो. एक बारीक गोष्ट: कोडमध्ये तिसऱ्या किंवा चौथ्या जागी ‘ओ’सारखं दिसतं ते ‘ओ’ नसून शून्य असतं. विक्रेते सर्रास ‘ओ’ टाइप करतात, त्यामुळे शोधताना दोन्ही रूपं टाकून पाहावीत.

हीटसिंक काढणारच असाल तर आधी यंत्र दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा. वाळलेली थर्मल पेस्ट थंड असताना गोंदासारखी धरते. स्क्रू सैल केल्यावर हीटसिंक सरळ वर ओढू नका, डावी-उजवीकडे थोडं फिरवून सुटू द्या.

आता स्टेपिंग. याच्यावरून जितका गोंधळ होतो तितका दुसऱ्या कशावरून होत नाही. एकाच नावाचा प्रोसेसर कारखान्यातून सुधारित आवृत्त्यांमध्ये बाहेर पडतो. ठळक उदाहरण पहिल्या पिढीच्या ई५-२६७० चं. त्याच्या सी१ स्टेपिंगचा कोड एसआर०एच८, सी२ चा एसआर०केएक्स. सॉफ्टवेअरमध्ये दोघेही फॅमिली ६, मॉडेल ४५. सी१ ला स्टेपिंग ६ दिसतं आणि सी२ ला ७. सी१ मध्ये व्हीटी-डी सदोष होतं, म्हणजे ग्राफिक्स कार्ड किंवा नेटवर्क कार्ड थेट आभासी यंत्राला द्यायचं असेल तर हा प्रोसेसर निरुपयोगी. सी२ मध्ये ते दुरुस्त झालं. जाहिरातीत दोन्ही ‘ई५-२६७०’ म्हणूनच येतात, आणि घाईत घेतलेला स्वस्त तुकडा हमखास सी१ निघतो.

एकाच मॉडेलची दोन वेगळी स्टेपिंग एका बोर्डावर चालवायला इंटेलची मनाई नाही. अट अशी की वारंवारता, कॅश, वीजगट आणि प्रोसेसरांमधल्या दुव्याचा वेग सारखा हवा, आणि कमी स्टेपिंगचा प्रोसेसर बूट करणारा, म्हणजे पहिल्या सॉकेटमध्ये हवा. बायॉसमध्ये दोन्ही स्टेपिंगचे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आत भरली जाणारी दुरुस्ती) असावे लागतात, हेही आलं. पण ‘मनाई नाही’ आणि ‘तुमच्या बोर्डावर चालेल’ या दोन गोष्टी वेगळ्या. ठरावीक ब्रँडच्या सर्व्हरचं फर्मवेअर याहून कडक असतं आणि विसंगतीची सूचना देऊन थांबतं. माझं मत सरळ आहे: स्टेपिंग वेगळं असेल तर तो प्रोसेसर जोडीदार म्हणून घेऊ नये. सुदैवाने व्ही२, व्ही३ आणि व्ही४ या पिढ्यांत ही डोकेदुखी जवळपास नाही. विक्रीला आलेल्या ई५-२६०० व्ही२ मध्ये मॉडेल ६२, स्टेपिंग ४. व्ही३ मध्ये मॉडेल ६३, स्टेपिंग २. व्ही४ मध्ये मॉडेल ७९, स्टेपिंग १ असंच दिसतं. वेगळा आकडा दिसला तर समोरचा माल चाचणीचा नमुना असल्याचा संशय घ्या.

नावातलं पुढचं अक्षरही बघायचं. एलजीए ७७१ च्या काळातले एक्स५४५० आणि ई५४५० घ्या. दोन्ही ३ गिगाहर्ट्झ, दोन्ही १२ एमबी कॅश, बस दोघांचीही १३३३. फरक विजेचा: पहिला १२० वॅटचा, दुसरा ८० वॅटचा. कागदावर जुळे वाटतात, पण जोडी म्हणून चालवायचे नाहीत. शिवाय एक्स५४५० ची स्वतःचीच दोन स्टेपिंग आहेत, सी० चा कोड एसएलएएसबी आणि ई० चा एसएलबीबीई. पहिल्या पिढीच्या ई५ मध्ये क्यूपीआयचा, म्हणजे प्रोसेसरांमधल्या दुव्याचा, वेगही मॉडेलनुसार बदलतो: २६०९ ला ६.४, २६२० ला ७.२, २६५० पासून वर ८ गिगाट्रान्सफर. ‘तात्पुरता काढलेला २६२० घालून बघू’ हा विचार इथेच अडतो.

टोपीवर छापलेला बॅच क्रमांक मात्र जुळायची गरज नाही. त्यातलं दुसरं अक्षर वर्षाचा शेवटचा आकडा आणि पुढचे दोन आठवडा सांगतात, एवढाच त्याचा उपयोग. ‘एकाच बॅचची जोडी’ म्हणून कुणी जास्त पैसे मागत असेल तर ते देऊ नयेत.

दोन सॉकेटच्या बोर्डात बसतो पण दुसऱ्या सॉकेटमध्ये चालतच नाही, असा मालही मुबलक असतो. यात पैसे बुडण्याची शक्यता सर्वात जास्त. ई५ मालिकेत पहिला आकडा किती सॉकेटपर्यंत चालतो ते सांगतो: ई५-१६५० हा एकट्याने चालणारा, ई५-२६५० जोडीने चालणारा. ई५-१६०० मालिका त्याच सॉकेटमध्ये व्यवस्थित बसते, पण दुसऱ्या प्रोसेसरशी बोलायला लागणारा क्यूपीआय दुवा तिच्यात वापरता येत नाही. त्याआधीच्या एलजीए १३६६ मध्ये डब्ल्यू३६९० आणि एक्स५६९० हे तर हुबेहूब भाऊ: दोघांना ६ कोर, ३.४६ गिगाहर्ट्झ, १३० वॅट. पहिल्याला एक क्यूपीआय, दुसऱ्याला दोन. जोडी फक्त दुसऱ्याची जमते. डब्ल्यू अक्षर दिसलं की एकटाच, असंही समजू नका, कारण डब्ल्यू५५९० जोडीने चालतो. बघायचा तो आकडा: तीन हजारी एकटे, पाच हजारी दुकटे.

एलजीए ३६४७ मध्ये झिऑन स्केलेबल आले. ब्राँझ आणि सिल्व्हर दोन सॉकेटपर्यंत, गोल्ड चारपर्यंत, प्लॅटिनम आठपर्यंत. पण शेवटी ‘यू’ असेल, उदाहरणार्थ गोल्ड ६२१२यू, तर तो एकाच सॉकेटचा. त्याच सॉकेटमध्ये बसणारी झिऑन डब्ल्यू-३२०० मालिकाही एकाचीच. दुसऱ्या पिढीचा, म्हणजे कॅस्केड लेकचा प्रोसेसर पहिल्या पिढीच्या बोर्डावर बायॉस बदलून चालतो, म्हणून काहींना वाटतं एक स्कायलेक (पहिल्या पिढीचा) आणि एक कॅस्केड लेक असं लावता येईल. नाही लावता येत. गोल्ड ६१४८ ला जोडीदार गोल्ड ६१४८ च. ६२४८ नाही, आणि कनेक्टरचं शेपूट बाहेर आलेला ६१४८एफ तर मुळीच नाही.

एएमडीच्या एपिकमध्ये अक्षर ‘पी’. ७४०२ जोडीने चालतो, ७४०२पी एकट्याने. किंमत कमी दिसण्याचं कारण बहुधा तेच एक अक्षर असतं. एपिकबाबत आणखी एक सापळा आहे आणि तो प्रोसेसर हातात घेऊन दिसत नाही. प्लॅटफॉर्म सिक्युअर बूट नावाच्या सोयीमुळे काही सर्व्हर उत्पादकांच्या यंत्रात प्रोसेसर एकदा सुरू झाला की त्याच्या आतले फ्यूज कायमचे जळतात आणि तो त्या उत्पादकाच्या सहीच्या फर्मवेअरशी बांधला जातो. दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर मग तो सुरूच होत नाही. हे उलटवता येत नाही. एपिक घेताना विक्रेत्याला लेखी विचारा: कोणत्या यंत्रातून काढला, लॉक आहे का. ‘तपासलेला, चालू’ हे उत्तर पुरेसं नाही, कारण ज्या यंत्रात तपासला त्यात तो चालणारच.

इंजिनिअरिंग सॅम्पल, म्हणजे चाचणीचा नमुना, ओळखायला सोपं. टोपीवर नेहमीच्या नावाऐवजी ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ आणि क्यू ने सुरू होणारा चार अक्षरी कोड. एकटा असताना तो कधी कधी चालतो. जोडी लावायची असेल तर तसाच दुसरा नमुना शोधत बसावं लागतं आणि बायॉसमध्ये त्याचा मायक्रोकोड असेलच असं नाही. मोठ्या क्लाउड कंपन्यांसाठी बनवलेले २६७६ व्ही३ किंवा २६८६ व्ही४ असे क्रमांकही बाजारात फिरतात. ते खरे उत्पादन आहेत, बनावट नव्हेत. पण बोर्डाच्या अधिकृत यादीत बहुधा सापडत नाहीत. घ्यायचेच तर दोन्ही सॉकेटला तेच घ्या, आपल्या बोर्डावर कुणी चालवले आहेत याची खात्री करून.

आता बोर्डाकडे. प्रोसेसर जुळला तरी यंत्र तयार आहे का, हे वेगळं तपासावं लागतं. बायॉस आधी अद्ययावत करा, म्हणजे जुना प्रोसेसर एकटा असताना. नवा घातल्यावर पडदा काळा राहिला तर बायॉस बदलायची संधी गेलेली असते. काही ठिकाणी बायॉसही पुरत नाही. एचपीच्या झेड४२०, झेड६२० आणि झेड८२० मध्ये बूट ब्लॉकची (बायॉसच्या अगदी सुरुवातीच्या भागाची) तारीख २०११ असेल तर व्ही२ प्रोसेसर चालत नाहीत. त्यासाठी २०१३ चा बूट ब्लॉक लागतो आणि नेहमीच्या बायॉस अपडेटने तो बदलत नाही. दोन २६८० व्ही२ घ्यायच्या विचारात असाल तर बायॉसच्या पडद्यावर ती तारीख आधी वाचा.

झेड६२० मध्ये दुसरा प्रोसेसर मुख्य बोर्डावर नसतोच, तो वेगळ्या रायझर बोर्डावर बसतो आणि त्या रायझरवरच त्याच्या मेमरीच्या खाचा आहेत. रायझर नसेल तर प्रोसेसर घेऊन उपयोग शून्य. अशा यंत्रांत प्रोसेसरपेक्षा रायझर मिळणं अवघड जातं, तेव्हा आधी रायझर, मग प्रोसेसर. सर्व्हरमध्ये दुसऱ्या प्रोसेसरसोबत हीटसिंक आणि जादा पंखे लागतात. एचपीच्या डीएल३८० जेन९ मध्ये एका प्रोसेसरला चार पंखे, दोघांना सहा. कमी पंख्यांवर फर्मवेअर तक्रार करतं किंवा यंत्र सुरूच होऊ देत नाही.

हीटसिंक घेताना एलजीए २०११ च्या दोन बांधण्या लक्षात ठेवा: चौकोनी, ज्याची स्क्रूंमधली अंतरं ८० बाय ८० मिलिमीटर, आणि अरुंद, ज्याची ५६ बाय ९४. मोजपट्टी लावून मोजा. वीजपुरवठ्यातून दुसऱ्या सॉकेटसाठीची आठ पिनांची १२ व्होल्टची वेगळी तार निघते का तेही पाहा, आणि दोघांचे वॅट बेरीज करून पुरवठ्याशी ताडा. १२० वॅटचे दोन म्हणजे नुसत्या प्रोसेसरांसाठीच २४० वॅट.

मेमरी दुसऱ्या प्रोसेसरची स्वतःची असते. ई५ ला चार चॅनल, स्केलेबलच्या पहिल्या दोन पिढ्यांना सहा, एसपी३ सॉकेटच्या एपिकला आठ. आतापर्यंत आठ पट्ट्या एका प्रोसेसरभोवती असतील तर त्या चार-चार वाटा. एकीकडे सगळ्या आणि दुसरीकडे काहीच नाही असं ठेवलं तर काही बोर्ड सुरू होत नाहीत, जे होतात त्यांत दुसऱ्या प्रोसेसरला प्रत्येक वाचनासाठी पहिल्याचं दार ठोठवावं लागतं. नोंदणीकृत आणि लोड-रिड्यूस्ड पट्ट्यांची भेसळ करू नका.

विकत घेण्याआधी दोन फोटो मागा: टोपीचा, कोड वाचता येईल असा, आणि खालच्या बाजूचा. खाली सोनेरी ठिपक्यांवर काळे डाग, जळाल्याची खूण, मधल्या भागातले निखळलेले बारीक कपॅसिटर, कोपऱ्याचा तुटलेला हिरवा पट्टा, यापैकी काही दिसलं की सोडून द्या. नुसता मळ किंवा पेस्ट असेल तर ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि धागे न सोडणाऱ्या कापडाने निघते. टोपी घासून नवीन अक्षरं कोरलेले प्रोसेसरही निघतात. अक्षरांचा रंग, खोली, जागा आपल्याकडच्याशी ताडून पाहा. अंतिम निवाडा सीपीयूआयडीच देतो, म्हणून परत करण्याची मुदत असलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या.

रिकाम्या सॉकेटची तपासणी तितकीच महत्त्वाची, आणि ती लोक विसरतात. झाकण नसताना वर्षानुवर्षं उघडं राहिलेलं सॉकेट असेल तर पिना वाकलेल्या किंवा धुळीने भरलेल्या असतात. टॉर्च तिरपी धरून चारही दिशांनी पाहा. सगळ्या पिना एकाच कोनात चमकायला हव्यात. एखादी वेगळी चमकली की ती वाकलेली. बोटाने किंवा कापडाने सॉकेटला स्पर्श करू नका, फक्त हवा मारा.

बसवताना घाई नको. वीज काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलेला भार उतरवा. आणि एक पायरी जी बहुतेक जण टाळतात: नवा प्रोसेसर आधी एकटा पहिल्या सॉकेटमध्ये घालून यंत्र चालवा. सीपीयूआयडी बघा, कॅश बघा, सगळे मेमरी चॅनल दिसतात का बघा, मेमटेस्ट८६+ चा एक पूर्ण फेरा होऊ द्या. इथे तो नापास झाला तर दोष प्रोसेसरचा, हे निर्विवाद सिद्ध होतं आणि परतीचा दावा करता येतो. एकदम दोन्ही बसवले आणि काही चाललं नाही तर सॉकेट, प्रोसेसर, मेमरी, वीज या चौघांत आरोपी शोधत बसावं लागेल. एकटा प्रोसेसर नेहमी पहिल्याच सॉकेटमध्ये. दुसऱ्यात घालून यंत्र सुरू होण्याची वाट बघू नका.

एलजीए २०११ ला दोन तरफा असतात. कोणती आधी उघडायची आणि कोणती आधी बंद करायची हे त्यांच्या शेजारी चित्रात दाखवलेलं असतं. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या खुणेशी जुळवा, तो स्वतःच्या वजनाने बसला पाहिजे. एलजीए ३६४७ मध्ये प्रोसेसर आधी प्लास्टिकच्या क्लिपने हीटसिंकला लागतो आणि दोघं एकत्र खाली उतरतात. टॉर्क्स टी३०, स्क्रू आकड्यांच्या क्रमाने, सुमारे १.४ न्यूटन मीटर. काढताना उलटा क्रम. जास्त आवळलं तर बोर्ड वाकतो, कमी किंवा तिरकं आवळलं तर एखादा मेमरी चॅनल गायब होतो.

हे शेवटचं लक्षण तर पाठ करून ठेवण्यासारखं आहे. दोन्ही प्रोसेसर दिसतात, यंत्र सुरू होतं, पण ६४ जीबी ऐवजी ४८ दिसते. पट्टी खराब आहे असं समजून लोक नवीन पट्ट्या घेतात. बहुतेक वेळा त्या चॅनलच्या ठिपक्यावर मळ असतो किंवा सॉकेटची पिन वाकलेली असते. पट्टी दुसऱ्या खाचेत हलवा. दोष खाचेसोबत राहिला तर प्रोसेसर काढून साफ करा. तरीही राहिला तर दोन्ही प्रोसेसरांची अदलाबदल करा. दोष प्रोसेसरसोबत गेला तर प्रोसेसर, सॉकेटपाशीच राहिला तर पिना.

सगळं नीट बसल्यावर लिनक्समध्ये ‘न्यूमासीटीएल’ या आदेशाला हार्डवेअर दाखवायला सांगा: दोन नोड, प्रत्येकाला साधारण निम्मी मेमरी. ‘प्रॉक’ मधल्या ‘सीपीयूइन्फो’ त मायक्रोकोडची ओळ सगळ्या कोरांना सारखी आहे का पाहा. मग तासभर पूर्ण भार द्या आणि कर्नलच्या नोंदींत मशीन चेकच्या (हार्डवेअरमधल्या चुकांच्या) ओळी येतात का ते तपासा. दोघांच्या तापमानात थोडा फरक स्वाभाविक आहे. अनेक केसमध्ये दुसऱ्याला पहिल्याची गरम हवा मिळते. पण १५-२० अंशांचा फरक असेल तर पेस्ट किंवा स्क्रू पुन्हा बघा. विंडोज १० किंवा ११ ची होम आवृत्ती एकच सॉकेट वापरते, प्रो दोन वापरते. ‘दुसरा प्रोसेसर मेलेला निघाला’ अशा तक्रारींच्या मुळाशी कधी कधी एवढंच असतं.

आणि आपल्या कोडचा जोडीदार मिळतच नसेल तर? मधल्या दर्जाचे प्रोसेसर सुटे सापडायला कठीण जातात, कारण मोठ्या डेटा सेंटरमधून निघणारा माल ठरावीक मॉडेलांचा असतो आणि तोही जोड्यांनी. आपल्याकडे ई५-२६३० व्ही४ एकटा असेल तर त्याच्या सख्ख्या भावाच्या मागे महिनाभर लागण्यापेक्षा २६८० व्ही४ ची एसआर२एन७ कोडची जोडी घ्यावी, १४ कोर गुणिले दोन, आणि जुना विकून टाकावा. फक्त २६३० व्ही४ ८५ वॅटचा आहे आणि २६८० व्ही४ १२० वॅटचा. हीटसिंक तेच चालेल असं गृहीत न धरता त्याचा भाग क्रमांक उत्पादकाच्या यादीत शोधा.